धान उगवलेली भिंत

पोस्टकार्ड शेवंताचं होतं. चार ओळी, आणि त्यातली एकच खरी... "बाबा गेले." कार्ड भंडाऱ्याजवळच्या शहापूरला माझ्या हाती पडलं तोवर सगळं उरकून आठ दिवस झाले होते. बायकोने विचारलं, कोण हो? मी म्हटलं, दयाराम. ती आत निघून गेली. हे नाव निघालं की मी विषय बदलतो, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक झालं आहे. का बदलतो, ते मात्र तिलाही कधी सांगितलं नव्हतं. आता लिहूनच टाकतो.

सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. लाखांदूरजवळ, चुलबंद नदीच्या काठच्या एका गावात मी एकशिक्षकी शाळेवर होतो. बायको-मुलं शहापुरात, मी तिथे एका खोलीत. शाळा सुटली की दिवस खायला उठायचा. त्या पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि शाळेच्या मातीच्या भिंती बसल्या. वरून निरोप आला, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उभी नसेल तर नदीपलीकडच्या शाळेला जोडून टाकू. पलीकडे जायचं ते डोंग्यातून, लहानशा होडीतून. लहान मुलींना असं कोण पाठवणार?

दयारामची शेवंता तिसरीत होती, आई नसलेली. त्याने मला सरळच सांगितलं, "गुर्जी, शाळा गेली त पोरीले मामाकडं बपेऱ्याले धाडा लागते. मंग घरात मी आन् चूल." बपेरा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एस.टी. बदलत बदलत अख्खा दिवस जायचा. एवढंसं बोलून तो उठला आणि पडलेल्या भिंतीची माती फावड्याने ओढू लागला. शाळेच्या कामाची सुरुवात अशी झाली.

श्रमदानाला माणसं मात्र भरभरून आली. आसपासच्या गावांतले तरुण, भंडाऱ्याची कॉलेजची मुलं, बौद्धवस्तीतल्या बाया पाणी वाहायला, पाटलाची गाडी माती ओढायला. तळ्याची चिकण माती, तीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळून पायाने तुडवायचं, हातभर उंचीचा थर घालायचा, तो वाळला की वरचा. जुनं तणस पुरात वाहून गेलेलं. म्हणून दयारामने आपल्या हलक्या, लवकर येणाऱ्या धानाचं नवं तणस आणलं. घाईत मळलेलं होतं ते, दाणे तसेच राहिलेले. परतीचा पाऊस आला म्हणून आम्ही ओल्या भिंतींवर पोती टाकली. सहाव्या दिवशी पोती काढली तर चारही भिंतींना हिरवेगार अंकुर! सारं गाव बघायला लोटलं. "गुर्जीच्या शाळेले रोवणी झाली," असं एक म्हातारा म्हणाला आणि माणसं पोट धरून हसली. दयारामही हसला. मग त्याने भिंतीत बोट खुपसलं, ते सहज आत गेलं. मुळांनी माती पोखरली होती. भिंती पाडून पुन्हा घालायच्या, दुसरा इलाज नव्हता.

तोवर उशिरा येणारा भारी धान पिकून पिवळा झाला. कापणीच्या दिवसांत माणूस श्रमदानाला थांबत नाही, थांबूही नये. एकेक करून सगळे गेले, कुणाचं काही चुकलं नाही. कॉलेजची मुलंही परीक्षेला गेली. राहिलो दयाराम आणि मी. त्याचाही धान उभा होता. "आधी भिंत," एवढंच म्हणायचा. मी शिकवायचो चावडीत, सुटलं की चिखल तुडवायला त्याच्या जोडीला. फारसं बोलणं होत नसे. पण डब्यात तो माझ्यासाठी एक भाकर जास्त आणायचा आणि ती आणली आहे असं सांगायचा नाही.

त्याच आठवड्यात पगारासाठी लाखांदूरला गेलो. कचेरीतला बाबू सहज म्हणाला, "गुरुजी, तुमची शाळा काही जोडत नाहीत आता. भरवा चावडीतच वर्षभर." परत येताना मला आनंद व्हायला हवा होता... गावात शिरलो, तर दयाराम ओल्या भिंतीपाशी उभा. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंत अर्धी राहील ही भीती होती, पण ते अर्धंच कारण. हा माणूस उद्यापासून आपल्या शेतात जाईल आणि मी पुन्हा एकटा पडेन, हे माझ्याने सोसवेना. म्हणून मी गप्प राहिलो. भिंती उभ्या झाल्या, छपरावर कवेलू चढले, आणि त्याचा धान शेतातच झडून गेला. त्या वर्षी बापलेकींनी काय खाल्लं, मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

शेवंता चौथीपर्यंत बापाजवळ राहिली, मग बपेऱ्याला गेलीच. माझी शहापूरला बदली झाली. निघताना तो म्हणाला, "इतवारी येत जा, गुर्जी." मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तोंडापर्यंत आलेलं गिळून परतलो. नंतर जाणंच सोडलं.

गेल्या रविवारी मी गेलो. शेवंता आता तुमसरला नर्स आहे, घर आवरायला आली होती. ओसरीवर दोन खाटा होत्या. मी एकीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, अगदी बाबूच्या वाक्यासकट.

"बाबाले मालूम होतं, गुर्जी," ती म्हणाली. "ग्रामसेवकानं तवाच सांगितलं होतं."

"मग धान सोडून तो कशाला येत होता?"

"मीबी इचारलं होतं. म्हणे, गुर्जी तिथं एकटाच चिखल तुडवून राहिला, त्याले टाकून मी कापणीले कसा जाऊ?"

माझ्याच्याने वर बघवेना. ती माझ्याजवळची दुसरी खाट सरळ करत राहिली.

"दर इतवारी दोन्ही खाटा बाहेर काढत. आजारात उठणं होत नव्हतं, त शेजाऱ्याले काढाले लावत. बाकी सारं त्याइले समजलं होतं, गुर्जी. तुमी येणं काहून सोडलं, तेवढंच नाई समजलं."