ज्याची गरी, त्याचा मासा

आमच्या घरात मासे धरण्याचा एकच कायदा होता. ज्यानं गरी टाकली, त्यानंच मासा काठावर आणायचा. दुसऱ्यानं दोरीला बोटही लावायचं नाही. कायदा बाबांचा. लाकडाच्या डेपोवर उभा जन्म चौकीदारी केलेली, त्यामुळे नियमात सवलत हा प्रकारच त्यांना माहीत नव्हता.

त्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा पाय ओढायला लागला, डावी मूठ मिटेना. मे महिन्यात मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून अहेरीला घरी आले, तेव्हा आईनं बाजूला घेऊन सांगितलं, "तुह्या बाबाले नदीवर एकटं जाऊ देऊ नको."

उन्हाळ्यात प्राणहिता आटते आणि उरलेल्या डोहांत फुलमरळी जमतात. चांगल्या हातभर लांब, अंगात ताकद म्हणाल तर बैलाची. बाकीचे लोक गरीला बेडूक लावत. बाबा कोंबड्याच्या मानेची पिसं लाल दोऱ्यानं बांधत आणि पाण्यावरून सरकवत. "पिसानं भागते तं बेडूक काऊन मारायचा?" असं म्हणत. त्यावर आई विचारायची, "अन् मासा मारताना पंचशील कुठी जाते?" बाबा लाल दोऱ्याची गाठ आणखी आवळत.

एका सकाळी मी बाबांसोबत डोहावर पोचले. उजव्या हातानं फेकायचं तर नायलॉनच्या दोरीचं टोक डाव्या हातात हवं. ते धरवेना, म्हणून त्यांनी मनगटाला तीन वेढे घेतले.

"बाबा, हे काय करून राह्यले? सोडा ते."

"मूठ धरत नाई तं काय दातात धरू?"

पीस डोहाच्या मध्यावर गेलं आणि खालचं पाणी फुगलं. दोरी ताठ झाली. बाबांचा हात खांद्यापासून सरळ ओढला गेला, शेवाळावरून पाय घसरला आणि ते गुडघाभर पाण्यात उतरले. मग कमरेभर. मी धावले.

"सोडा, बाबा!"

"हात लावू नको!"

वेढे कातडीत रुतले होते. त्यांना सोडायचे असते तरी सुटले नसते. ते मला कळलं आणि त्यांनाही कळलं होतं, तरी ते तेच ओरडत होते. चार पावलांवर काळं पाणी सुरू होत होतं. मी काठावरच्या त्यांच्या पिशवीतला घडीचा चाकू काढला आणि दोरी कापली.

बाबा पाण्यात मटकन बसले. मी त्यांना ओढून खडकावर आणलं. ते डोहाकडेच बघत होते.

"माही होती थे," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मग मरा तिच्यासाठी!" असं मी बापाला बोलले. अजूनही ते शब्द आठवले की जेवण जात नाही.

आठ दिवस ते नदीकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी नवी गरी ठेवलेली दिसली, पिसं बांधलेली. लाल दोरा एका हातानं कसा गुंडाळला, कोण जाणे.

"तू टाक. मी बसतो."

तोच डोह, तोच खडक. बऱ्याच फेकांनंतर मरळीनं पीस घेतलं. दोरीनं तळवे सोलून निघाले आणि मी कधी मनगटाला वेढे घेतले ते मलाच कळलं नाही. पाय सरकू लागले. गुडघा भिजला.

"बाबा, धरा ना!"

दोरीला दुसरा हात लागला नाही. माझा भयंकर संताप झाला. इथेही कायदाच! मी मान वळवली.

बाबा पाय ओढत माझ्यामागे पाण्यात आले होते. हातात तोच चाकू होता, उघडा. एका हातानं उघडेना म्हणून दातांनी उघडला असावा, कारण ओठातून रक्त येत होतं. पातं माझ्या दोरीपासून वीतभर होतं. मासा कुठे आहे हे ते बघतही नव्हते. त्यांची नजर माझ्या मनगटावर होती.

मी दुसऱ्या हातानं दोरी ओढून धरली, मनगटाशी सैल पडलेले वेढे सोडले आणि मासा जाऊ दिला.