आयुधपूजेला बदललेली पॅकेजं

आयुधपूजेच्या दुपारी मी आमच्या प्रोजेक्टमधली सत्तेचाळीस पॅकेजं यादी न वाचता बदलली आणि तशीच सर्व्हरवर चढवली.

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोडचा तुकडा. एक तारखा सांभाळतं, एक मेसेज पाठवतं. आम्ही ते उचलून आपल्या कामात बसवतो आणि विसरून जातो. लिहिणारे मात्र सुधारणा करत राहतात. आपल्याकडचं काय काय जुनं झालं ते बघायला एक टूल आहे. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, की यादी येते: तुमच्याकडे ही आवृत्ती, बाहेर ती. किरकोळ बदल हिरव्या ओळीत, जुन्या सवयी मोडणारे मोठे बदल लाल ओळीत. टूल फक्त दाखवतं, कशाला हात लावत नाही. आज्ञेच्या शेवटी एक अक्षर जोडलं तरच ते सगळे आकडे स्वतः बदलून टाकतं. ते अक्षर मी जोडलं.

का जोडलं, तर पूजा साडेतीनला होती. साताऱ्याकडे आम्ही खंडेनवमीला कोयता आणि पाने-पकडी पुजायचो. म्हैसूरच्या ऑफिसात लॅपटॉप पुसून, कुंकू लावून, शेवंतीच्या माळेखाली मांडून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सगळे आपापली टेबलं पुसत होते. माझ्या मनात आलं, देवीपुढे जुनापुराणा प्रोजेक्ट काय ठेवायचा? चाचण्या चालवल्या, त्या पास झाल्या. लॅपटॉपला मी स्वतः हळदीकुंकू वाहिलं, बुंदी खाल्ली आणि घरी आलो.

आमचं सॉफ्टवेअर एका लहान डायलिसिस केंद्राच्या पाळ्या लावतं. रोज दुपारी चार वाजता उद्याच्या पेशंटना मेसेज जातो: अमुक वाजता या.

त्यातले एक पेशंट माझे घरमालक, काका. चामराजपुरममध्ये त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यांचे मराठी पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरची मराठी कन्नडमिश्रित, त्यामुळे माझ्या मराठीला ते अजून 'तुमची ती पुस्तकातली' म्हणतात. मी गेट उघडलं तेव्हा काकू पायरीवर बसून काकांच्या पावलांना तेल लावत होत्या. पावलं सुजून चकाकत होती. तीन दिवसांच्या खंडानंतर असंच होतं. आदल्या रात्री काका खुर्चीत बसूनच झोपले होते, आडवं झालं की त्यांना दम लागतो.

"हे बघ रे," काकूंनी फोन पुढे केला. "उद्या बाराला बोलावलंय. चन्नागिदे, बरंच झालं. सहाच्या आत उठायला नको."

मेसेजमध्ये बारा वाजता असंच लिहिलं होतं. काकांची पाळी कायम साडेसहाची.

साडेसहा आणि बारा यांच्यात साडेपाच तास. परदेशी, म्हणजे ग्रिनिचची वेळ आणि आपली वेळ यांच्यातही साडेपाचच. आमच्या सर्व्हरचं घड्याळ परदेशी वेळेवर चालतं. तारखांचं जुनं पॅकेज ते सांभाळून घेत होतं. नव्या आवृत्तीने ते सोडलं होतं, आणि ते लाल ओळीत लिहिलेलंही होतं. माझ्या लॅपटॉपवर घड्याळ भारतीय, म्हणून चाचण्या पास.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मिरवणुकीमुळे रस्ते बंद व्हायचे, म्हणून केंद्र फक्त सकाळची एकच पाळी घेणार होतं, साडेअकराला कुलूप. अकरा पेशंट. अकराही जण बाराला येऊन बंद दारासमोर उभे राहणार.

"काका, साडेसहालाच जायचं," मी म्हणालो. "मेसेज चुकलाय."

"कुणी चुकवला?"

"बघून सांगतो," म्हणून मी पळालो. हे वाक्य मला शोभलं असं आजही वाटत नाही.

ऑफिसात दिव्यासमोर फक्त आमच्या मॅनेजर मॅडम होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"लाल ओळी वाचल्यास?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही."

"एकही?"

"हिरव्या पण नाही, मॅडम."

त्यांनी माळ उचलली, कीबोर्डवरचं कुंकू पदराने झटकलं आणि म्हणाल्या, "देवीशी मी बोलते. तू जुन्या आवृत्त्या परत आण."

जुन्या आवृत्त्यांची नोंद प्रोजेक्टमध्येच असते, म्हणून परत आणायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत पासवर्ड तीनदा चुकला. दुरुस्त मेसेज गेले. पण एकाच दिवशी दोन मेसेज आले तर माणूस कुठला खरा धरणार? उशिराच्या वेळेचाच धरणार, झोप कुणाला नको असते. म्हणून फोन करायला बसलो. काका सोडून दहा जण: मॅडमनी पाच घेतले, मी पाच. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. मंडी मोहल्ल्यातल्या एका आजीबाईंनी मला फसवणूक करणारा समजून माझ्या आईचं नाव, गाव, सगळं विचारून घेतलं आणि मगच साडेसहाला यायचं कबूल केलं.

नऊ जण लागले. दहावा फोन वाजतच राहिला. शहराबाहेरच्या येलवालचे निवृत्त ड्रायव्हर.

सहा वाजता मी स्कूटरने निघालो. हुणसूर रस्त्यावर प्रत्येक गाडीला केळीचे खांब बांधलेले, चाकांखाली लिंबं चिरडलेली, आणि गर्दी मुंगीच्या पावलाने सरकत होती. हेल्मेटमध्ये मला फक्त काकांची सुजलेली पावलं दिसत होती, आणि त्यांच्या जागी कधीही न पाहिलेल्या त्या माणसाची. त्याला बंद दारासमोर दम लागला तर? परत पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस तो कसे काढेल? मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. त्यातलं बरंचसं अजून बाकी आहे.

त्यांचं घर सापडलं. ते ओट्यावर बसले होते, फोन आत चार्जिंगला. सून बाहेर आली. मी वेळ सांगितली तेव्हा तिचा चेहरा पडला. "आम्ही रिक्षावाल्याला अकराला सांगितलं होतं. तो पूजा करून गावाला गेला, उद्या दहापर्यंत परतेल. आता सकाळी साडेसहाला कोण नेणार?"

"मी नेतो," मी म्हणालो.

तिने माझ्या स्कूटरकडे बघितलं.

"कारने," मी म्हणालो, आणि कोपऱ्यावर जाऊन मॅडमना फोन करून त्यांची कार मागितली. त्या म्हणाल्या, "पूजेला पुढे बांधलेली लिंबं काढू नकोस. तुला गरज पडेल."

पहाटे पाचला काका-काकूंना घेऊन मी येलवालला गेलो. ड्रायव्हर पुढे बसले आणि रस्ताभर मला गिअर कधी टाकायचा ते सांगत राहिले. काका मागे खिडकीची काच खाली करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. मी आरशात दर वळणाला त्यांच्याकडे बघत होतो. काकूंनी दोनदा म्हटलं, "समोर बघ." साडेसहाला दहा मिनिटं कमी असताना केंद्राचं दार दिसलं. बाकावर मंडी मोहल्ल्याच्या आजीबाई होत्या. मी मोजलं. अकरा.

मशीन सुरू झाली. तासाभराने काकांचा श्वास जरा खाली बसला, त्यांनी उशीवर डोकं टेकलं. तेव्हा कुठे मी खरं सांगितलं: टूल, अक्षर, लाल ओळी, सगळं. शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हरही कान देऊन ऐकत होते. काका त्यांना कन्नडमध्ये सांगत होते, माझ्यापेक्षा थोडक्यात. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं आणि नळ्यांमध्ये काय चाललंय ते बघायला मी मशीनकडे जरा वाकलो.

काकांनी डोळे न उघडता म्हटलं, "तू सुम्ने, गुपचूप, बाहेर बाकावर जाऊन बस. ह्या मशीनचं अजून काही जुनं झालं नाही."