मे महिन्यातल्या तुरीच्या शेंगा

आमच्या घराण्यात मे महिन्यात तुरीचं पीक काढणारा मी पहिलाच. तेही मोबाईलवर.

शाळा मी आठवीतच सोडली. बोरी अरबहून वणीला ट्रकच्या टायर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा मायनं एकच अट घातली. "रोज जेवाच्या ताटाचा फोटो धाडजो. फोटो चुकला का नोकरी बंद, बोरीले वापस." मालकांनी त्यांचा जुना मोबाईल दिला (देव त्यांचं भलं करो), आणि घरच्या ग्रुपवर माझी ताटं झळकू लागली.

हिवाळाभर मी खरंच रांधून जेवलो. उन्हाळ्यात मात्र चुलीजवळ बसवेना. सामोशावर दिवस निघू लागले. पण नोकरीची धास्ती! म्हणून जुने बारा फोटो आलटून पालटून पाठवू लागलो.

एका दुपारी काकांचा फोन.

"काबे, ताटात उकडलेल्या तुरीच्या शेंगा? मे महिन्यात?"

"इकडं... उन्हाळी तूर निघाली, काका."

"आमची तूर तं कवाच घरात आली. कोनतं वाण हाय?"

"नवीनच हाय."

(इथं गप्प बसायचं असतं, हे आठवीपर्यंत शिकवत नाहीत.)

संध्याकाळपर्यंत तो फोटो दारव्ह्याच्या बाजारात पोचला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "नऊ जन तयार हायेत. उद्या जीप करून बियाणं पाह्याले येऊन राह्यलो."

मी मायला फोन लावला. "माय, त्या शेंगा संक्रांतीच्या हायेत."

"मालूम हाय. मीच तं पिशवीत देल्या होत्या."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"फोटो जुना असन. धाडनारा तं त्याच दिवशीचा होता ना."

मी तिला उद्याच्या जीपचं सांगितलं.

"काकाले काई सांगू नको," ती म्हणाली. "जीप ठरलीच हाय, तं डबा येईन तिच्यातून."

जीप दुकानापुढं आली. पुढच्या सीटवर माय, मांडीवर डबा. तिनं सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं. मग नऊ शेतकरी माझ्याभोवती गोल करून बसले आणि डबा संपेपर्यंत माझा घास न् घास पाहत राहिले.

"चाल घरी," माय म्हणाली.

काकांनी माझं मनगट चिमटीत धरून पाहिलं. "वाण हलकंच हाय, वहिनी. पन इथून उपटू नका. खतपानी देलं तं सुधरन."

"दुपारची भाकर माह्या घरून," मालक म्हणाले.

नोकरी वाचली. दुकानात आता मला सगळे 'उन्हाळी तूर' म्हणतात, आणि मी भरल्या पोटी ओ देतो.