दोन ठोके, मग थांबायचं

नशिराबादच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला पाण्याचा चर खोदायचं काम चालू होतं. मी डबा घेऊन गेले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. पोकलेन चालू होतं. त्याचं बकेट खाली आलं, जमिनीला दोनदा हळूच टेकलं, ठक, ठक, आणि खणायला लागलं. माझे मालक, म्हणजे नवरा, अगदी तसेच दोन ठोके देतात. म्हणून मी रोजच्यासारखा डबा उंच करून दाखवला. वरून कोणी हात केला नाही.

जवळ गेले तर केबिनमध्ये कोणीच नव्हतं. खुर्चीवर ऊन पडलं होतं. खुर्चीसमोरच्या दांड्यांना लोखंडी बोटं बसवली होती, आणि त्या दांड्या आपल्या आपण मागेपुढे होत होत्या.

मालक मागे लिंबाखाली उभे होते. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली एक पेटी, तिच्यावर लाल बटण. "काही वाईट झालं तर हे दाबायचं," ते म्हणाले. मी विचारलं, आणि नाही झालं तर? ते म्हणाले, "तर उभं ऱ्हायचं."

ते दोन ठोके माझ्या सासऱ्यांचे. आबा शिरपूरकडे विहिरी खोदायचे. पहार घालण्याआधी ते जमिनीवर पहारीने दोनदा ठोकत, मग तीन श्वास थांबत. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, असं का. आबा म्हणाले, "कोनाना घरमा जावाना पहिले दार ठोकतस ना? खाले कोन ऱ्हास, आपुले काय माहीत." मला वाटलं, काळ्या मातीच्या भेगांत साप असतात, त्यांना उठवायला असेल. मालकांनी तीच सवय मशीनवर नेली. बकेटने दोन ठोके, मग थांबायचं. बाकीचे ऑपरेटर हसायचे, पण पंचवीस वर्षांत मालकांचं मशीन कधी खड्ड्यात गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ठेकेदाराने पुण्याहून एक इंजिनिअर आणला. तरुण, गोड बोलणारा. त्याने मालकांच्या केबिनमध्ये कॅमेरे लावले, दांड्यांना वायरी लावल्या. चार महिने मालक काम करत राहिले आणि ते सगळं बघत राहिलं. चौघा ऑपरेटरांमधून मालकांनाच निवडलं, कारण त्यांचा हात सर्वांत साफ. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं होतं. मी पिंप्राळ्यातल्या शेजारणीला सांगितलंसुद्धा.

मग खुर्ची रिकामी झाली. चारपैकी दोन ऑपरेटर घरी बसले. उरले मालक आणि दुसरे एक. चर पूर्ण झाला की कोणाला ठेवायचं ते बघू, असं ठेकेदार म्हणाला होता. हे दुसरे ऑपरेटर त्या मशीनला 'नवा जावई' म्हणायचे. "आपलापेक्षा भला शे भाऊ. तंबाखू मांगत नई, लघवीले उतरत नई. सासरवाडीले आसा जावई कोठे भेटी?" मालक हसायचे नाहीत.

इंजिनिअरने एकदा आमच्याकडे चहा घेतला. त्याने विचारलं, "काका, हे दोन ठोके कशासाठी? मशीन तुमच्याकडून तेही शिकलंय."

"सवय शे," मालक म्हणाले.

"असू दे. पण तुम्ही नंतर थांबता, त्यात वेळ जातो. थांबणं आम्ही काढून टाकलं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबशा उचलल्या. तो गेल्यावर म्हणाले, "हात त्यास्नी लिधात. कान तरी मन्हा ऱ्हाऊ दे." तेव्हा मला कळलं की ठोकणं सापांसाठी नसतं, ऐकण्यासाठी असतं. भरीव जमीन एक आवाज देते, खाली पोकळी असेल तर दुसरा. केबिनमध्ये तो कानाने ऐकू येत नाही, खुर्चीतून पाठीला लागतो.

आबांना आता फार कमी दिसतं. ते गावाहून आमच्याकडे आले होते आणि मुलाचं काम बघायचं म्हणून हटून बसले. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेले. मालकांनी हात धरून त्यांना उतरवलं. चराच्या काठापासून दूर, लिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. आबांनी काठी जमिनीत टेकली.

समोर ठक, ठक झालं. आबांचा चेहरा उजळला. मशीनकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "आरे, आते उतर ना खाले! जेवाले बस! कितलं काम करशी?"

मालक त्यांचा हात धरूनच उभे होते. "आबा, मी आठेच शे."

आबांनी तो हात चाचपला. मनगट, मग अंगठ्यावरचा जुना व्रण. "मंग तठे कोन शे?"

"कोनी नई."

"ठोकी तर तूच राहिना."

ते ठोके मुलाचेच, याबद्दल आबांना शंका नव्हती. मशीन दोन हात पुढे सरकलं, पुन्हा ठक, ठक. ते थांबलं नाही, बकेट उचलून आणखी पुढे जायला लागलं. पुढे मोजपट्टी धरून एक मजूर उभा होता. आबांनी काठीवरचा हात एकदम घट्ट केला.

"थांबाड त्याले! पोकळ शे खाले!"

मालकांनी बटण दाबलं. मशीन जागीच गोठलं, बकेट हवेत. मालकांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते नंतर मला म्हणाले, बाहेर उभं राहून कळत नाही, माझी पाठ खुर्चीला नव्हती.

ठोके पडले तिथे पहारीने उकरून बघितलं. वीतभर मातीखाली सागाच्या कुजक्या फळ्या होत्या, आणि फळ्यांखाली जुनी विहीर. कोणी कधी झाकली, गावात कोणाला आठवत नव्हतं. खडा टाकला तर पाण्याचा आवाज यायला वेळ लागला. मोजपट्टीवाला मजूर खालीच बसला.

ठेकेदार आणि इंजिनिअर धावत आले. ठेकेदाराने मालकांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, आता यांना कोणी काढत नाही.

तेवढ्यात इंजिनिअर आबांजवळ आला. त्यांच्या पायाला हात लावला, गुडघ्यावर बसला. "आबा, तुम्हाला कसं कळलं? मला शिकवा ना."

आबांना आयुष्यात कोणी शिकलेल्या माणसाने असं विचारलं नव्हतं. ते फुलून गेले. काठीने ठोकून दाखवायला लागले. इथे भरीव, इथे मुरूम, इथे पोकळ. किती जोरात ठोकायचं, किती श्वास थांबायचं, पायाचा अंगठा कसा टेकवायचा. इंजिनिअरच्या मोबाईलवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पेटलेला होता. मी आबांच्या मागेच उभी होते. त्यांची बाही ओढली असती तर ते गप्प बसले असते. पण परक्या माणसांसमोर माझा हात पुढे होत नाही. मालक माझ्याकडे बघत होते. त्यांनीही वडिलांना थांबवलं नाही. इतके खूश झालेले आबा आम्ही फार वर्षांत बघितले नव्हते.

पंधरा दिवसांत बकेटला ठोक्याचा आवाज टिपणारी एक काळी डबी बसली. मशीन आता दोन ठोके देऊन थांबायचं. तीन श्वास, आबांचेच. मालक काठावर आबांची काठी रोवून उभे राहायचे, अंगठा बटणावर. दोघंही ऐकायचे. संध्याकाळी घरी आले की मला सांगायचे, आज दोन वेळा मला आधी कळलं. आज एकदा. मग सांगणं बंद झालं.

एक दिवस ते दुपारीच आले. गळ्यात पेटी नव्हती. काठी आबांच्या हातात देऊन ते पाटावर बसले.

"लवकर उनात?" मी विचारलं.

"आज त्यानी मन्हा पहिले ऐकं. चार येळ." पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "ठेकेदारले बी दखायनं." ठेकेदाराने ते बघूनच पेटी काढून घेतली होती.

आबांनी विचारलं, "कोन ऐकं?" मी ताट वाढायला उठले.

मालक आता शिरपूरकडे शेततळी खोदतात. मशीन जुनं आहे, खुर्ची फाटकी आहे, पण माणसाने बसायची आहे. पंधरा दिवसांनी घरी येतात. किती वर्षं चालेल, ते सांगत नाहीत.

परवा मी नशिराबादला गेले होते. रिक्षा कामाजवळ अडकली. केबिनची खुर्चीसुद्धा आता काढून टाकली आहे, आत नुसती वायरींची पेटी आहे. बकेट खाली आलं. ठक, ठक. मग ते थांबलं, थोडंसं डावीकडे कलून, मालक मान कलती करतात तसं. एक श्वास, दोन, तीन. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "अक्का, बरं वाटत नाही का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून बसले होते.

मग ते खणायला लागलं.