मोहरीची उशी

किराणा दुकानाच्या काकूंनी मला मोहरी विकली नाही, म्हणून माझं बाळ आज नीट आहे. दुकानदाराने परत पाठवलं म्हणून त्याचे उपकार मानणारी कळंबमध्ये मी एकटीच असेन.

माझं माहेर पार परभणीकडं. शाळा सातवीत सुटली. मालकांना मंचरच्या बाजारात काम मिळालं, म्हणून जवळच इथं कळंबला खोली घेतली. बाळ झालं तेव्हा आई फक्त फोनवर. बाळाचं डोकं पपईसारखं लांबट. आत काही बिघाड तर नसेल, अशी धास्ती मला बसली.

न्हाऊ घालणारी मावशी मूळची निमगाव सावाची. ती म्हणाली, "घाबरती काय! डोकं म्हंजी ओली माती. आमच्या गावात एक बी डोकं वाकडं न्हाई. समदी माझ्या हातची."

"आणि तुमच्या मालकांचं?"

"ते माझ्या सासूच्या हातचं!"

मग रोज तेल, रोज दाबणं आणि डोक्याखाली मोहरीची उशी. डोकं काही ऐकेना, तशी मावशी उशी मोठी करायला सांगे. उशी छान बाळसं धरत होती.

तिसऱ्यांदा मोहरी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, पोरगं उशीवर झोपतं का मोहरी खातं?" त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मधोमध कण्यासारखा उंचवटा लागला. "हे काय गं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. म्हणून मोहरी मिळायची नाही. चल डॉक्टरकडं."

त्यांनी भरबाजारात शटर ओढलं. शेजारचा दुकानदार धावत आला, "कोण गेलं हो काकू?" त्याशिवाय त्यांचं दुकान कधी बंद झालं नव्हतं.

मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथंही काकू सोबत. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, पोटात आधी मेंदू आकार घेतो. त्याच्या पुढ्यात चेहरा बसतो, कवटी त्याच्याभोवती. कवटीची हाडं सुटी असतात, मेंदू वाढतो तशी सरकून जागा देतात. याची वरची शिवण, म्हणजे दोन हाडांमधली फट, लवकर मिटलीय. रुंदीला वाव नाही म्हणून डोकं लांबीला वाढलं. शिवण मोकळी केली नाही, तर मेंदूला जागा कमी पडू शकते."

"माझं काही चुकलं का हो?"

"कुणाचंच नाही. बाहेरून दाबून मात्र काही होत नाही."

म्हणजे आम्ही घराला बाहेरून धक्के देत होतो, आणि बिचारा आतला माणूस दार शोधत होता.

ऑपरेशन झालं. डोकं हळूहळू गोलाकार झालं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत व्रण आहे, तो जावळात झाकून जातो. मावशीनं येऊन डोकं चाचपलं. "बघ, शेवटी आलं का न्हाई वळणावर? माझा हात हाये त्यो!" मी तिला चहा दिला.

काकूंच्या घरी नातवंडाचा पाळणा हलेल, तेव्हा न्हाऊ घालायला मीच जाणार. तेल लावीन, दाबणार नाही. आणि हाताला काही निराळं लागलं, तर काकूंसारखंच "मला माहीत नाही" म्हणीन आणि आधी रिक्षा बोलावीन.