गुहेतला पांढरा वाणी

काल श्रीरामपूरला बाईंच्या घरी होते. बाई म्हणजे माझ्या प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, आता निवृत्त. वाणी हा त्यांचा जन्मभराचा विषय... पावसाळ्यात भिंतीवर चढणारा, हात लावला की चकली होऊन बसणारा तोच तो असंख्य पायांचा किडा. यावर कोणी आयुष्य काढतं हे ऐकून लोक हसतात. मला अजूनही त्यांचा राग येतो, बाईंना कधीच आला नाही.

बाईंची नजर जातेय. एक डोळा गेलाच, दुसऱ्यातही डाग वाढतोय. औषध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

गेल्या थंडीत अकोले तालुक्याच्या डोंगरात, एका देवाच्या गुहेत, आम्हाला पांढरेफटक वाणी दिसले. डोळेच नाहीत त्यांना. आमच्या माहितीत तरी अशी जात कुठे नोंदलेली नाही. पण नवीन जात म्हणून जगाला सांगायचं तर पूर्ण वाढलेला नर हातात असावा लागतो. त्याच्या पोटाकडचे काही पाय निराळ्या घडणीचे असतात आणि ती घडण प्रत्येक जातीची वेगळी असते. त्या पायांचं चित्र काढल्याशिवाय नाव देता येत नाही. ते चित्र बाईंना स्वतःच्या हाताने काढायचं होतं, दिसतंय तोवर...

वनखात्याची परवानगी होती आमच्याकडे. गावाची नव्हती. त्या गुहेतून काहीही बाहेर न्यायचं नाही अशी रीत आहे. निघताना लोक तळपायाची मातीसुद्धा आतच झटकतात. बाई चर्चला जाणाऱ्या, मी कशालाच न मानणारी... दोघींनी मुकाट्याने पाय झटकले.

गुहेची पूजा करणारे कोंडाजीबाबा म्हणाले, "बाई, तुमी बगा, फोटू काढा, कितीबी येळ बसा. पन जितं जनावर न्हाई न्यायचं. देवाच्या घरचं हाय त्ये."

मी हुज्जत घातली. म्हटलं, बाबा, यांचे डोळे चाललेत, पुढच्या थंडीत यांना काही दिसणार नाही. ते बाईंकडे बघत राहिले, पण हो म्हणाले नाहीत. परतताना एसटीत मी नुसती धुसफुसत होते. बाई मात्र शांत. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला रागच आला.

आणि चार दिवसांपूर्वी बाबांचा फोन आला. "ताई, एक आपसूक मेल्याला घावलाय. ह्यो न्या. घरातलं मानूस बी गेल्यावर भाईरच काढत्यात न्हवं."

मी पहिल्या गाडीने अकोले गाठलं. कागदाची एवढीशी पुडी होती. भिंगातून बघितलं तर नर, पूर्ण वाढलेला! स्टँडवरच डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

काल बाईंनी तो मायक्रोस्कोपखाली घेतला. बराच वेळ बघून हळूच विचारलं, "हा पिवळा दिसतोय... की माझाच डोळा?" मी पाहिलं. खरंच पिवळा होता, पाठीवर तर चांगलाच. आम्हा दोघींना काय आनंद झाला! लहानपणी पांढरा, वाढल्यावर नर पिवळा होतो... बाई सांगत गेल्या आणि मी लॅपटॉपवर लिहीतही गेले.

मग गुहेत तो नेमका कुठे सापडला हे विचारायला बाबांना फोन लावला, स्पीकरवर. ओघात मी पिवळ्या रंगाचंही बोलले.

"हळद हाय ती," बाबा म्हणाले. "म्याच लावली. पाया पडलो, मंग कागदात बांधला. आपल्या घरचं मानूस तसंच कोरडं पाठिवत्यात का?"

शोधाच्या भरात माणसाचा हात आमच्या लक्षातच आला नव्हता. मी ओशाळून म्हटलं, बाई, अल्कोहोलने धुऊन टाकते. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे गं. मला हवे ते पाय स्वच्छ आहेत."

लिहिलेलं खोडून त्यांनी नवं सांगितलं : रंग पांढरा. नमुन्यावरची पिवळी छटा हळदीची आहे, गुहेच्या पुजाऱ्यांनी निरोप देताना लावलेली.

शास्त्रीय वर्णनात असं वाक्य मी तरी कधी वाचलेलं नाही. शोधनिबंध तपासणारे ठेवतील की काढतील, माहीत नाही.

मग बाई चित्र काढायला बसल्या. नाक कागदाला टेकेल इतक्या वाकून, रेघ काढायची, थांबायचं, डोळे मिटायचे, पुन्हा भिंगात बघायचं... झाल्यावर मला विचारलं, "रेघा जुळल्यात ना?" जुळल्या होत्या. हे शेवटचं, असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त पेन्सिल माझ्या हातात दिली.

कोंडाजीबाबा फेसबुकवर नाहीत. तरी इथे लिहून ठेवते... बाबा, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला बाईंचं काही पडलेलं नाही. तुम्ही तर तेव्हापासून त्यांच्यासाठी गुहेच्या जमिनीवर आपसूक मेलेला वाणी शोधत होतात.