बांधावरचा शेवगा

आमटीत शिजणाऱ्या शेवग्याच्या शेंगांचा वास आला की आखाती देशातल्या दुखानजवळचा तो मातीचा बांध आठवतो. हिवाळ्यात कधीमधी कोसळणाऱ्या पावसाचं पाणी खालच्या कामगार वस्तीत शिरू नये म्हणून घातलेला. त्याची तपासणी माझ्याकडे होती. तिथल्या आमच्या पंप ऑपरेटर चाचांनी, मूळचे रायगडचे, त्याच्या उतारावर शेवगा लावला, कारण त्या खडकाळ भागात खोल माती तेवढीच. "चाचा, झाड काढावं लागेल. मुळं कुजली की आत पोकळी होते आणि पाणी तीच वाट धरतं," मी म्हटलं. "इथं पाऊस पडतो कुठे, साहेब?" ते हसले, मग खालच्या घरांकडे बघून म्हणाले, "फुलावर आलंय. शेंगा निघू द्या, मग खलास." पण आभाळ भरून आलं होतं, मी थांबलो नाही. झाड तोडून मुळं खणून काढली, खड्ड्यात माती ठोकून बसवली. चाचांनी फुलं रुमालात गोळा करून माझ्याच हातात दिली. "वहिनींना भाजी करायला सांगा." त्या हिवाळ्यात पाऊस पडलाच नाही आणि चाचा कायमचे गावी गेले. माझा निर्णय चुकला नव्हता. तरी ताटातली शेंग मी अजून बाजूला सारतो, आणि बायको विचारते, "ती फुलं कुठून आणली होतीस रे? परत कधी मिळालीच नाहीत."